भांगातले पांढरे केस

फोन करणारा माणूस नाव सांगत नाही. आधी खाकरतो, मग आवाज खाली करून विचारतो, "विग घरी रंगवता येतो का हो?" जसं काही चोरीचा माल विचारून राहिला. मी सांगते, येतो. आणि सांगितल्याबरोबर मला पुढचं दिसायला लागतं. हा माणूस आता फोन ठेवून सरळ न्हाणीत जाईल, बादलीत डाय कालवेल, आणि दोन दिवसांनी पिशवीत काहीतरी ओलं, काळं घेऊन माझ्या दारात उभा राहील. म्हणून लगेच पुढचं बोलते, "येतो, पण आत्ता काही करू नका. आधी मला दाखवा." तोवर बहुतेकांनी करून ठेवलेलं असतं.

माझा स्वभावच घोर लावून घेणारा. गॅस बंद केला का हे पाहायला मी जिन्यावरून दोनदा परत येते. रंग लावून विग ठेवला की त्याच्याभोवती फिरत राहते, जसं घरात कोणी तापानं पडलं आहे. दिवाळी अंकवाले धंद्यातलं काही लिहा म्हणाले तेव्हापासूनही तसंच चालू आहे. आठवीत शाळा सुटलेल्या बाईनं काय लिहावं? पण वंदनाताई म्हणून माझ्या एक गिऱ्हाईक, त्यांचं एकदा लिहून काढलं पाहिजे, असं फार दिवस मनात होतं.

मी आर्णीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन भिलाईला आले. नवरा स्टील प्लांटात ठेकेदाराकडे, आणि मी खुर्सीपारच्या दोन खोल्यांत. बाहेर सगळी हिंदी, मला येत होतं तेवढं "कितना" आणि "नहीं". शेजारणीनं सुपेल्यात एका आंध्राच्या बाईकडे झाडूपोछ्याचं काम लावून दिलं. सगळे त्यांना अम्मा म्हणत. दुकानामागच्या खोलीत त्या केसांची कामं करायच्या. डान्स क्लासच्या पोरींच्या वेण्या, नाचा म्हणजे इकडचा तमाशा, त्या मंडळींचे टोप, आणि पुढे दवाखान्यातून येणाऱ्या बायांचे विग.

मी तिथं झाडायची तेव्हा झाडूत अडकलेले केस टाकून द्यायला माझा हात धजायचा नाही. सोडवून, बोटाला गुंडाळून खिडकीत ठेवायची. एक दिवस अम्मांनी पाहिलं.

"ये क्या करती तू? फेंकती क्यों नहीं?"

"हमारे गाँव में इसपे बर्तन मिलता," मी म्हणाले.

खरंच मिळायचं. आमच्याकडे बाया विंचरून झाल्यावर गुंतवळ भिंतीच्या भोकात खुपसून ठेवत. वर्षातून एक-दोनदा भांडीवाली यायची, गुंतवळ हातात तोलून एखादा पेला, एखादी वाटी द्यायची. माझ्या मायनं लग्नात दिलेला झाकणाचा स्टीलचा डबा असाच आलेला. अम्मा इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "झाडू रख. इधर बैठ." त्या दिवशी बसले ती अजून बसलेलीच आहे. अम्मा आता मुलाकडे विशाखापट्टणमला असतात. दर सणाला फोन करते, दर वेळी रडू येतं, आणि त्या दर वेळी म्हणतात, "रो मत, गोंद गीला होता."

बाहेरच्या माणसाला हा धंदा सांगायचा तर इतकाच. डोक्यावरच्या केसाला खालून तेल मिळत राहतं. विगातल्या केसाला खाली काहीच नाही, नुसती जाळी. कारखान्यात त्याचा मूळ रंग एकदा उतरवलेला, दुसरा चढवलेला असतो. असा सुकलेला केस रंग कुठे घटाघटा पितो, कुठे पितच नाही. म्हणून सौम्य रंग घ्यायचा, मानेच्या बाजूची एक बट आधी रंगवून पाहायची, आणि जाळीला ब्रश लावायचा नाही. जाळी काळी झाली की भांग पाडल्यावर खाली कातडी दिसायच्या जागी शाई दिसते. गडद करता येतं, गडदाचं फिकं करणं म्हणजे जुगार. ट्यूबलाइटमध्ये रंग पाहायचा नाही, खिडकीत पाहायचा. आणि पाणी. आमच्या गल्लीतल्या बोरच्या पाण्यानं बादलीला लाल कड धरते. लोखंडाचं गाव, पाण्यातही लोखंड. ते केसात बसलं तर रंग कुठल्या कुठे जातो. मी प्यायच्या पाण्यानं विग धुते, तर नवरा म्हणतो, "आपल्यापेक्षा याचाच थाट हाय."

हे सगळं अम्मांनी एका वाक्यात सांगितलं होतं. "सिर का बाल उगता, गलती कट जाता. इसमें उगता नहीं बेटी, गलती उधरिच रहता."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नाच्यात परी होणारा बिसाहू दुर्गच्या पलीकडून सायकलनं यायचा. नाच्यात बाईचं सोंग पुरुषच घेतो, तीच परी. त्यानं जत्रेतून लालसर विग आणला, काळा करून दे म्हणाला.

"हा नायलॉनचा आहे, भैया. याला रंग चढत नाही."

"नहीं दीदी, असली बाल हे. दुकानवाला ह कसम खाए हे."

एक केस तोडून उदबत्तीला लावला. खरा केस चुरचुरतो, घाण वास मारतो, राख होते. हा वितळला आणि टोकाला मण्यासारखी गोळी झाली. बिसाहूनं ती गोळी बराच वेळ बोटानं फिरवली. "मोला ठग दिस!" म्हणाला, म्हणजे मला फसवलं, आणि दुसऱ्या क्षणी कमरेवर हात ठेवून दुकानदाराच्या कसमेची अशी नक्कल केली की आमची गल्ली गोळा झाली.

दुसरे एक रिटायर साहेब. त्यांचा विग ड्रायव्हर जेवणाच्या डब्यात घालून आणायचा. साहेबांकडे तीन विग होते. एक आखूड, एक मध्यम, एक जरा वाढलेला. पाळीपाळीनं घालायचे, म्हणजे लोकांना वाटावं केस वाढले, मग साहेब कटिंग करून आले. इतकी हुशारी, पण तिन्ही काळेभोर. मिशी पांढरी झाली, भुवया पांढऱ्या झाल्या, विग तिशीतच. मी एकदा भीत भीत म्हणाले, "सर, कानाजवळ थोडे पांढरे टाकू का?" ते म्हणाले, "पांढरं करायला पैसे कशाला देऊ? ते तर फुकटात होतं." पण विगाला वय चढत नाही, ते माणसानंच चढवावं लागतं, हे तिथं पक्कं डोक्यात बसलं.

वंदनाताई मेश्राम चरोद्याच्या. नवरा यार्डात रेल्वेला. पहिल्यांदा एकटे मेश्रामभाऊच आले. हातात पिशवी, मान खाली.

"जय भीम, ताई."

"जय भीम. या ना भाऊ, बसा."

बसले नाहीत. पिशवी टेबलावर ठेवली. आत विग होता. वरून निळसर चमकणारा काळा, आणि उलटा केला तर जाळी डांबरासारखी.

"कशानं केला?"

"मी मिशीले लावतो ना, ते डाय. मटक्यावर बसवला, दातघासनी घेतली आन् चोपडला. मंग वाटलं बरोबर नाई लागला, तं बादलीत बुडवला."

"पाणी?"

"बोरचं."

"भाऊ, कावून केलं हो असं?"

"माया मिशीले तं आजवर काई झालं नाई," ते म्हणाले. मग बसले.

मग सगळं कळलं. वंदनाताईंचं किमो नुकतंच संपलं होतं. नागपूरहून आणलेला विग चॉकलेटी निघाला. तेवढ्यात तुमसरहून आईचा निरोप आला, "पोरीले पाहून वर्ष झालं, रविवारी येऊन राहिली." आणि आईला दुखण्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. वंदनाताईंची मोठी बहीण ह्याच दुखण्यानं गेली होती, चाळिशीही न गाठता. आईनं तिचं सगळं हातानं केलं होतं. "म्हातारी दुसऱ्या डाव सहन नाई करत," भाऊ म्हणाले. "आता बरी हाय आमची. डॉक्टर बी म्हणते बरी हाय. तं कशाले सांगाचं? पण आई हिच्या डोक्याले तेल लावल्याबिगर रायत नाई. लग्नाले इतकी वर्षं झाली, आली का वाटी घेऊन बसते."

म्हणजे हा विग डोळ्यांपुढेच नाही, हातापुढेही टिकायला हवा होता. आणि तो तर मटक्यावरून उतरून आलेला.

मी नाही म्हणणार होते. खरंच तोंडाशी आलं होतं. रंगावर रंग, त्यात लोखंडाचं पाणी. आता पुन्हा औषध लावलं तर केस रबरासारखा ताणून तुटू शकतो. दुसरा विग आणायला वेळ नाही. पण भाऊ पिशवीची घडी घालत होते, उघडत होते, पुन्हा घालत होते. मी म्हणाले, "ताईंना घेऊन या. आणि त्यांचे स्वतःचे केस कसे होते, ते कळलं पाहिजे. फोटो नको, फोटो खोटं बोलतो."

दुसऱ्या दिवशी वंदनाताई आल्या. डोक्याला रुमाल, अंगानं वाळलेल्या, पण बोलायला तिखट. टेबलावरचा विग पाहून नवऱ्याला म्हणाल्या, "वा वा! याले मिशी बी लावून द्या, म्हणजे पूर्ण तुमीच दिसान." मग पर्समधून एक पिशवी काढली. "हे घ्या. माये केस."

केस गळायला लागले तेव्हा त्यांनी एक एक झुपका ठेवून दिला होता. कशाला, असं मी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. "आईनं लहानपणापासून सांगतलं ना, केस इकडेतिकडे फेकाचे नाई. गुंतवळ निघालं का ठेवाचं. हाताले सवय पडली. आन् मंग टाकवलंच नाई."

मी पिशवी खिडकीत रिकामी केली. काळा, पण निळा काळा नाही. उन्हात धरला तर आतून तपकिरी. आणि मधे मधे पांढरे. मेश्रामभाऊंना ते पांढरे आठवतसुद्धा नव्हते.

"होते ना," वंदनाताई म्हणाल्या. "समोर, भांगाजवळ. ताई गेली त्या वर्षी आले. आई म्हणे, माया पोरीचे आताच पिकले."

तेव्हा मला काय करायचं ते दिसलं. भांगाची काळी जाळी कापून काढायची, तिथं नवी पट्टी शिवायची, आणि तिच्यात वंदनाताईंचेच केस भरायचे. काळ्यात पांढरे, जिथं होते तिथं. बाकी विगाचा रंग उतरवून ह्या केसांशी मिळता करायचा.

आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं विग धुतला, लोखंड निघावं म्हणून. मग मानेजवळची बट घेऊन त्यावर रंग उतरवायचं औषध लावलं आणि हातात धरून बसले. बट गरम झाली तर लोखंड आत आहे, मग सगळंच जळेल. मी दर मिनिटाला ती गालाला लावून पाहत होते. नवरा म्हणाला, "केस हाय का दुधाचं पोर?" बट गार राहिली. पुढे आख्खा विग घेतला. काळा गेला, खाली विटकरी लाल निघाला. तो पाहून मी अर्धा दिवस जेवले नाही, जरी तसाच निघतो हे मला ठाऊक होतं. मग गडद तपकिरी रंग, हिरवट छटेचा, म्हणजे लाली मरते. ब्रशनं, जाळीला टेकू न देता. वर पॉलिथिन. पुसून खिडकीत, पुन्हा लावून पुन्हा खिडकीत. हातमोजा कधी फाटला ते कळलं नाही, नखं काळी झाली. नंतर साबण, लिंबू, रॉकेल, सगळं लावलं. निघाली नाहीत.

भांगाचं काम निराळं. गुंतवळातला केस कुठून कुठे आहे कळत नाही. मुळाची बाजू एकीकडे लागली नाही तर खवले एकमेकांत अडकून गाठी होतात. अम्मांनी शिकवलेलं, केस दोन बोटांत धरून हलका चोळायचा. तो आपोआप मुळाच्या दिशेनं सरकतो. एक एक केस असा विचारून घ्यायचा, तुझं घर कुठे रे, आणि मग बारीक आकडीनं जाळीला गाठ मारायची. पांढरा केस हाताला जरा जाड लागतो. ते मी स्टीलच्या डब्यात वेगळे ठेवले, मायच्या डब्यात. त्यात रंग कालवता येत नाही, धातू चालत नाही, म्हणून तो इतकी वर्षं नुसताच जवळ आहे.

शनिवारी विग गेला. वंदनाताईंनी घातला, आरशात पाहिलं. भांगावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे तं मीच हाय वो."

आता मी घरी स्वस्थ बसायला हवं होतं. पण रविवारी दुपारी माझ्यानं राहवेना. शिवण सुटली तर? विग चिकटवायची टेप उखडली तर? शेवटी लोकल धरली आणि चरोद्याला गेले. दार मेश्रामभाऊंनी उघडलं. मला पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी जोरात म्हणाले, "महिला मंडळाचं विचारायला आले!"

आत आजी बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढरं लुगडं, हातात तेलाची वाटी. समोर खाली वंदनाताई, पाठ करून. मी नेमकी त्याच वेळी पोचले.

"आई, आज राहू दे ना. सर्दी हाय मले."

"तेलानं काई सर्दी होत नाई. बस चुपचाप."

"आई..."

"इतकी कशाले आंग चोरून राहिली? लहानपणी बी अशीच करे." आजींनी वाटी खाली ठेवली आणि डोक्यावर हात ठेवला. हात भांगावरून पुढं गेला, कपाळाजवळ आला आणि थांबला. पांढऱ्यांवर.

"हे हाय अजून," आजी म्हणाल्या.

"कुठे जातीन?" वंदनाताई म्हणाल्या. मान वर केली नाही.

आजींची बोटं तिथंच, हलेनात. मग त्यांनी वाटी उचलून बाजूला सरकवली. "राहू दे. सर्दी हाय तं राहू दे." आणि माझ्याकडे पाहिलं. "तू कोन वो माय? काय करतं?"

"शिवणकाम करते, आजी."

"मंग नखं काळी कावून?"

मी हात पदराखाली घेतले. मेश्रामभाऊ एकदम म्हणाले, "चहा ठेवू का?" आजी म्हणाल्या, "ठेवा. हिच्यासाठी बी ठेवा. दूर्‍हून आली दिसते."

परतीच्या लोकलमध्ये मी सगळं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणत होते. कळलं की नाही कळलं? कळलं असतं तर रडल्या नसत्या का? आठवडाभर वंदनाताईंचा फोन आला की मी आधी आजींचं विचारायची. पण त्या सांगायच्या, "काई नाई, छान हाय. तेलाचं नावच काढत नाई. सकाळी उठून माया पायाले मालिश करते. उलटी तिचीच सेवा घेऊन राहिली मी." आजी तुमसरला गेल्या. मला वाटलं, निभलं.

थंडीच्या सुरुवातीला मेश्रामभाऊ पुन्हा आले. पुन्हा हातात पिशवी. मला वाटलं, परत बादलीत बुडवला.

"नाई ताई, आता माया हात लागत नाई त्याले. हिचे केस काई धड येऊन नाई राहिले, टोपच घालते. हे आईनं पाठवलं. तुमाले."

"मला?"

"नाव नाई माहीत तिले. म्हणे, ते काळ्या नखाची बाई."

पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गुंतवळ होतं. लहान लहान गोळे, बोटाला गुंडाळून केलेले. सगळे पांढरे. आजींचे स्वतःचे. भांडीवालीसाठी ठेवलेले असतील, किंवा नुसते सवयीनं.

"आणि निरोप सांगितला," भाऊ म्हणाले. त्यांना तो नीट सांगायचा होता, म्हणून आधी मिशीवरून हात फिरवला. आता ती पांढरी होती, डाय सोडला होता त्यांनी. "म्हणे, मोठीचे केस पिकलेच नाई. काळ्या डोक्यानं गेली. हिच्या टोपात दर वर्षी थोडे थोडे पांढरे टाकत जा मना. पोरगी मातारी झालेली पाहाची हाय मले."

भाऊ गेले. मी गोळे पाण्यात भिजत घातले, खिडकीत बसले आणि पहिला केस दोन बोटांत धरून चोळला. घाबरत घाबरतच. पण तो सरकला, आणि मुळाची बाजू कुठली ते कळलं.